शांततेला बोलावता, पाण्याला का नाही?

सण जवळ आले की पोलीस ठाण्यातून फोन येतो, "उद्या पाच वाजता शांतता समितीची बैठक आहे, नक्की या." आपण जातो. चहा-बिस्किटं येतात, साहेब 'सहकार्य करा' म्हणतात, मागच्या वर्षीचेच चार वक्ते सर्वधर्मसमभावावर बोलतात आणि शेवटी फोटो निघतो. गेल्या वर्षी मी उभं राहून विचारलं, "साहेब, या समितीची नियमावली कुठे मिळेल?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

सदस्य कोण निवडतं? मुदत किती? एकच गृहस्थ वीस वर्षं 'मुस्लिम समाजाचे प्रतिनिधी' कसे? मागच्या बैठकीत बंद दिव्यांची तक्रार झाली होती, तिचं काय झालं? उत्तर नाही, कारण लिहिलेलंच काही नाही.

काही जण म्हणतात, ही नुसती सल्लागार समिती, तिला कसले नियम? मला उलट वाटतं. जिच्या हाती अधिकार नाही, तिची ताकद नोंदीतच असते. सल्ला लिहिला गेला तर 'का पाळला नाही?' असं विचारता येतं. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. चार पैशांची उधारी लिहायची आणि मोहल्ल्याची सुरक्षितता तोंडी ठेवायची?

समिती मनापासून चालवली तर काय होतं, हे भिवंडीने दाखवलं आहे. १९८४च्या दंगलीत होरपळलेल्या या गावात पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं नियमित एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. सणापुरत्या चहाने हे होत नसतं.

आता माझी खरी तक्रार. मुसलमान आठवतो तो फक्त शांततेसाठी. पाणी, कचरा, शाळा, दवाखाना यांची चर्चा जिथे होते तिथे आपली खुर्ची कुठे आहे? ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात या समितीवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमता येतात. २००९ मध्ये क्षेत्र सभेची तरतूदही आली. तुमच्या वस्तीत क्षेत्र सभा कधी भरली, आठवतं का? सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितलं होतं की स्थानिक संस्थांत मुस्लिमांचा सहभाग वाढवा. त्यालाही आता वर्षं लोटली.

दोष एकट्या सरकारचा नाही. साहेबांच्या शेजारची खुर्ची मिळाली की आपले 'मान्यवर' खूश होतात आणि नियम मागत नाहीत, कारण नियमात मुदत आली की खुर्ची जाईल. आपल्या बाजूने बाई कधी बैठकीला नेली आपण? दंगलीत दार लावून मुलांना कवटाळून बसते ती तीच, आणि पाण्याच्या रांगेत उभी राहते तीही तीच.

म्हणून पुढचा फोन आला की 'येतो' म्हणा, पण पाच गोष्टी लेखी मागा. सदस्यांची यादी ठाण्याच्या फलकावर लावा. मुदत दोन वर्षं ठेवा. एकतृतीयांश तरी महिला घ्या. बैठक सणापुरती नको, दर दोन महिन्यांनी घ्या. इतिवृत्त पंधरा दिवसांत द्या आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच्या वाचनाने करा. हेच पत्र प्रभाग कार्यालयालाही द्या आणि पोच घ्या.

साहेब पुन्हा हसतील. हसू द्या. शांतता राखायची जबाबदारी आपली मानता ना, मग कारभारात विचारायचा हक्कही आपलाच आहे.