सदतीस नंबरचा निबंध

भिवंडीतल्या एका महाविद्यालयानं अकरावी-बारावीच्या मुलांसाठी घेतलेल्या निबंधस्पर्धेची मी एकदा परीक्षक होते. विषय होता ‘आजची स्त्री’. चाळीसेक निबंध वाचले. निम्मेअधिक एकाच मार्गदर्शक पुस्तकातून उतरलेले. प्रत्येकात झाशीची राणी, प्रत्येकात कल्पना चावला आणि शेवटी तोच सुविचार! (हल्ली तर मोबाइलच अख्खा निबंध लिहून देतो.)

सदतीस नंबरच्या निबंधात मात्र राणी नव्हती, आई होती. पहाटे पाणी भरून यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायला जाणारी. मागांच्या खडखडाटानं तिला कमी ऐकू येतं, म्हणून घरात सगळेच ओरडून बोलतात आणि शेजाऱ्यांना वाटतं, यांच्याकडे रोज भांडण. दुपारी वीज गेली की माग थांबतात, आईची मजुरी बुडते. पण गल्ली शांत होते आणि लेकीचा अभ्यास होतो. वीज जावी असं वाटतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते, असं त्या पोरीनं लिहिलं होतं.

आणि मी काय केलं? ऱ्हस्व-दीर्घ मोजले. ‘विषयाला धरून नाही’ असा शेरा मारला. पहिलं बक्षीस गेलं सुवाच्य अक्षरातल्या राणीला.

घरी आल्यावर मुक्ता साळवे आठवली. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेतली मुलगी, वय जेमतेम चौदा. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहे. माझ्यासारखीच्या हाती तो पडता तर?

निबंधस्पर्धा म्हणजे नुसती ढाल आणि प्रमाणपत्र नव्हे. केंब्रिजचं न्यूनम हे १८७१ साली मुलींसाठी सुरू झालेलं महाविद्यालय. तिथं शिकून, परीक्षा देऊनही त्या विद्यापीठानं बायकांना पूर्ण पदवी दिली ती थेट १९४८ साली! हे न्यूनमही शाळकरी मुलींसाठी निबंधस्पर्धा घेत आलंय. त्यानिमित्तानं मुलीला महाविद्यालयाची ओळख होते, आपणही इथं शिकू शकतो असं वाटायला लागतं. आपल्याकडे तर त्याची गरज जास्तच. बारावी झाली की ‘आता स्थळं बघू’ म्हणणारी घरं काय कमी आहेत?

मग विषय तिच्या गल्लीतला का देऊ नये? वर्गात बसवून, मोबाइल बाहेर ठेवून लिहून घ्यावं. शुद्धलेखनाचे गुण वेगळे ठेवावेत. आणि निबंध शेरे लिहून परत द्यावेत, कारण बक्षीस तिघांनाच मिळतं. बाकीच्यांना निदान कुणीतरी वाचलं, हे तरी कळू दे.

आठवडाभरानं मी तो निबंध पुन्हा पाहायला मागितला. गठ्ठा रद्दीत गेला होता. नावं आम्हा परीक्षकांना दिलेलीच नव्हती. यंदा पुन्हा बोलावणं आलंय. निबंध परत देणार असाल तरच येते, असं कळवलंय. उत्तराची वाट बघतेय.