परसदारापर्यंतचा बिनतारी पूल

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे एका छपराखाली मावत नाहीत. पुढे रस्त्याकडे तोंड करून मूळ घर, मध्ये अंगण किंवा विहीर, आणि मागे परसात कालांतराने बांधलेल्या दोन खोल्या, अशी रचना गोव्यात व बेळगाव-खानापूरच्या बाजूस सर्रास आढळते. इंटरनेटची तार येते ती पुढच्या घरात. आणि वृद्ध आईवडील राहतात ते बहुधा मागे, कारण तेथे पायऱ्या नाहीत व गडबडही कमी. कुवेत, दुबई किंवा लंडन येथे नोकरीस असलेला मुलगा रात्री मोबाईलवर समोरासमोर बोलू पाहतो, तेव्हा त्याचा चेहरा थिजतो, आवाज तुटतो, आणि म्हातारी आई भर पावसात छत्री धरून पुढच्या पडवीत येऊन बसते. ही गैरसोय दूर करणारे साधन आज सहज मिळते. त्याविषयी या आठवड्यात लिहावे असे आम्ही योजिले आहे.

हे साधन म्हणजे बिनतारी पूल. बाजारात त्यास वायरलेस ब्रिज म्हणतात. तो बसविणे फारसे कठीण नाही. कठीण आहे ते, तो बंद पडल्यावर पुन्हा चालू करणे. कारण बसविणारा मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला असतो, आणि पूल बिघडतो तो त्याचे विमान सुटल्यावर. “आई, मी सगळे करून ठेवले आहे, तू फक्त बटण दाबायचे,” असे सांगून तो जातो. पुढे एके दिवशी बटण दाबूनही काही होत नाही. आणि ज्या मार्गाने त्यास विचारावयाचे तोच मार्ग बंद पडलेला असतो. म्हणून आमचे मत असे की, पूल बसवावा तो मागे राहणाऱ्या माणसास उकलता येईल अशाच रीतीने. पुढील मजकूर वाचकांनी त्या दृष्टीने वाचावा.

प्रथम नावांचा घोळ दूर करू. भिंतीतील सॉकेटात खोचावयाचे जे डबडे ‘रेंज वाढविणारे’ म्हणून विकले जाते, तो रिपीटर होय. साधा रिपीटर एकाच चॅनेलवर आधी ऐकतो व मग तेच पुन्हा बोलतो. दोन्ही कामे एकाच तोंडाने करावी लागत असल्यामुळे वेग निम्म्यावर येतो. हा यंत्राचा दोष नव्हे, रचनेचाच परिणाम आहे. पुलाची गोष्ट निराळी. त्यात दोन यंत्रे असतात, एक अलीकडे व एक पलीकडे. ती केवळ एकमेकांशीच बोलतात, आणि पलीकडच्या यंत्रातून पुन्हा साधी तार बाहेर पडते. त्या तारेस मागच्या खोलीतला राउटर जोडला, की तो आपल्या निराळ्या चॅनेलवर खोलीभर वायफाय पुरवितो. लांबच लांब तार ओढण्याच्या ऐवजी मधला तुकडा हवेतून गेला, इतकेच.

तर मग तारच का ओढू नये? जेथे ओढता येते तेथे अवश्य ओढावी. एकाच इमारतीत तारेसारखे दुसरे काही नाही. परंतु दोन स्वतंत्र इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेणे आम्हांस धोक्याचे वाटते. वळवाच्या पावसात जवळपास वीज कोसळली, तर अशा तारेतून येणारा धक्का दोन्हीकडची यंत्रे एकाच क्षणी निकामी करू शकतो. काचतंतूची तार असेल तर ही भीती नाही. नसेल तर पूल बरा.

आता यंत्रांच्या निवडीविषयी, कारण निम्मे घोटाळे दुकानातच सुरू होतात. वायफायवरून जाणारी माहिती लहान लहान लखोट्यांतून जाते. १९९७ साली जे मूळ मानक ठरले, त्याप्रमाणे मोबाईलने राउटरकडे धाडलेल्या लखोट्यावर तीन पत्ते असतात: जो राउटर तो उचलणार त्याचा, धाडणाऱ्याचा, आणि अखेरच्या मुक्कामाचा. धाडणारा व लिहिणारा एकच, असे येथे गृहीत धरलेले आहे. पण पुलापलीकडे चार यंत्रे असली, की लिहिणारा एक आणि टपाल वाहणारा दुसरा असे होते. म्हणजे चौथा पत्ता लागतो. मानकात चार पत्त्यांच्या लखोट्याची सोय आहे, परंतु ती नेमकी कशी वापरावी हे पुरते ठरविलेले नसल्यामुळे कारखानदारांनी आपापल्या रीती काढल्या. त्या सोयीस डब्ल्यूडीएस म्हणतात. आणि ते नाव दोन्ही डब्यांवर असूनही एका कारखान्याचे यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी पुष्कळदा जुळत नाही. काही यंत्रे पलीकडच्या सर्वांच्या लखोट्यांवर आपलाच पत्ता घालून वेळ मारून नेतात. मग मोबाईल चालतो पण छपाईयंत्र सापडत नाही, असे चमत्कार घडतात.

याचा व्यवहारातला अर्थ इतकाच, की दोन्ही यंत्रे एकाच बनावटीची, शक्य तर एकाच नमुन्याची घ्यावी. कपाटात पडलेला जुना राउटर पलीकडे लावून पैसे वाचवावे हा मोह आम्हांस कळतो. परंतु काही जुनी यंत्रे डब्ल्यूडीएससाठी केवळ डब्ल्यूईपी हे जुनाट कुलूपच लावू देतात, आणि ते कुलूप किती सहज उघडते हे २००१ सालीच सिद्ध झालेले आहे. २०१८ साली वाय-फाय अलायन्स या संस्थेने ईझीमेश नावाची पद्धत पुढे आणली. निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांनी एकत्र नांदावे हा तिचा हेतू आहे. भिन्न बनावटीची यंत्रे घेणे भागच असेल, तर ते नाव दोन्ही डब्यांवर आहे की नाही हे तरी पाहावे.

यंत्रे आणल्यावर ती कोठे ठेवावी? सर्वांत अधिक घडणारी चूक ही, की पलीकडचे यंत्र जेथे सिग्नल मुळीच पोहोचत नाही नेमके तेथे ठेवतात, “येथेच तर रेंज नाही ना!” असे म्हणून. कोरड्या विहिरीवर रहाट बसविण्यासारखेच हे. यंत्रास जे मिळाले नाही ते त्याने कोठून द्यावे? अलीकडचे यंत्र परसाकडील खिडकीशी आणि पलीकडचे समोरच्या खिडकीशी असावे, आणि तेथून आत तार न्यावी. जांभ्या दगडाच्या दीड-दोन फुटी भिंती, त्याही पावसात पाणी प्यालेल्या, लहरींना फार अडवितात. २.४ गीगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती भिंतीतून थोडीफार जाते, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांची सर्व यंत्रे त्याच पट्ट्यात कलकलाट करीत असतात. ५ गीगाहर्ट्झची लहर याहून आखूड. ती वेग अधिक देते, पण भिंतीपुढे लवकर थकते. दृष्टी मोकळी असेल तर पुलासाठी ५ गीगाहर्ट्झच घ्यावा. त्यातील मोठा पट्टा भारतात २०१८ सालापासून घराबाहेरही परवान्याविना वापरता येतो. पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, मोठा आरसा यांच्या आड यंत्र कधीही ठेवू नये. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे सदनिकांत राहणाऱ्या आमच्या वाचकांना अंगणाची अडचण नसते. त्यांची अडचण लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची असते, आणि तिच्यापुढे पुलापेक्षा जिन्याजवळून नेलेली तारच श्रेयस्कर.

सिग्नलचे बळ यंत्राच्या पडद्यावर उणे आकड्यांत दिसते. उणे ६० डीबीएमच्या आसपास असेल तर पूल निश्चिंत. उणे ७० ला चित्र अडखळू लागते. उणे ८० ला आशा सोडावी. हे आकडे साध्या बेरजेचे नव्हेत: दहाचा फरक म्हणजे बळ दसपट कमी. म्हणून यंत्र दोन फूट सरकवून आकडा चार-पाचांनी सुधारला तर ती क्षुल्लक गोष्ट समजू नये.

अंतर मोठे असेल, समजा ६० मीटर, तर भिंतीबाहेर लावावयाच्या यंत्रांची जोडी घ्यावी. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दोन यंत्रे एकमेकांस दिसतात, एवढ्याने भागत नाही. लहर दोरीसारखी सरळ न जाता मध्ये फुगते. ६० मीटरांच्या मध्यावर ५ गीगाहर्ट्झच्या लहरीस सुमारे ९० सेंटिमीटर त्रिज्येची, आणि २.४ गीगाहर्ट्झच्या लहरीस जवळजवळ १ मीटर ३७ सेंटिमीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. मे महिन्यात जोडलेला पूल जुलैत लंगडू लागतो, त्याचे कारण अनेकदा आंब्याची नवी फांदी आणि तिची भिजलेली पाने हे असते. ओली पाने लहरी गिळतात. उलटपक्षी, इतक्या जवळ ही यंत्रे पूर्ण जोराने लावली तर आकडा उणे ३० च्या घरात जातो व ती एकमेकांच्या कानात ओरडू लागतात. तेव्हा जोर कमी करावा. बाहेरच्या यंत्रास वीज नेटवर्कच्या तारेतूनच जाते. काहींस २४ व्होल्ट लागतात, काहींस ४८. विजेचे डबडे ज्या यंत्राचे त्यालाच लावावे. तारेस यंत्राखाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथून गळून जाईल आणि जोडात शिरणार नाही.

जोडणीचे काम मात्र अंगणात धावपळ करीत करू नये. दोन्ही यंत्रे एकाच मेजावर, चार हातांच्या अंतराने ठेवून सर्व सिद्ध करावे; तेथे चालली की मगच जागी न्यावी. पूल, चॅनेल, संकेतशब्द हे सर्व ठरविताना एक नियम सर्वांहून वरचा मानावा: एका घरात पत्ते वाटणारा एकच. पुढचा राउटर हा घरचा कर्ता. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. पुलाच्या यंत्रांस १९२.१६८.१.२ व १९२.१६८.१.३ असे पक्के पत्ते द्यावे, आणि मागच्या राउटरास १९२.१६८.१.४. हे आकडे कर्त्याच्या वाटपाच्या यादीत येणार नाहीत असे पाहावे, आणि मागच्या राउटरातील डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे. त्याची तार ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात न घालता ‘लॅन’च्या भोकात घालावी. हे न केल्यास घरात दोन कर्ते होतात. मग गंमत अशी, की सकाळी सर्व ठीक चालते. संध्याकाळी एखादे यंत्र नवा पत्ता मागते, तो चुकीच्या कर्त्याकडून मिळतो, आणि त्याच यंत्राचे इंटरनेट जाते. शेजारच्या मोबाईलवर ते चालूच असते. लोक यास भुताटकी म्हणतात. ती भुताटकी नव्हे.

दुसरा असाच गोंधळ अति उत्साहाने होतो. पूल चालू असता कोणी ‘असू द्या जादा आधार’ म्हणून तारही जोडतो. आता दोन घरांमध्ये दोन वाटा झाल्या. सर्वांना उद्देशून निघालेला एक लखोटा एका वाटेने जातो, दुसरीने परततो, पुन्हा जातो, आणि काही क्षणांत अशा लखोट्यांनी सारे घर तुंबते. सर्व दिवे एकदम लुकलुकतात व काहीच चालत नाही. रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना, जादा वाट आपोआप मिटून ठेवणारी युक्ती शोधून काढली. परंतु घरगुती स्वस्त यंत्रांत ती पुष्कळदा नसते किंवा बंद असते. तेव्हा वाट एकच ठेवावी.

आता बंद पडलेला पूल तपासण्याविषयी. प्रथम मागच्या खोलीत मोबाईल उघडून त्यास मिळालेला पत्ता पाहावा. तो १९२.१६८.१ ने सुरू होत असेल तर निदान पत्ता तरी योग्य कर्त्याचा. संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर कोणीच पत्ता दिला नाही, म्हणजे पूल तुटला आहे. भलताच दिसला, जसे १९२.१६८.०, तर दुसरा कर्ता कोठेतरी जागा झाला आहे; विजेचा लपंडाव झाल्यावर किंवा कोणी मागच्या राउटराचे ‘रीसेट’चे छिद्र टोचल्यावर हे हमखास घडते. पत्ता ठीक असेल तर एकेका मुक्कामास हाक मारीत पुढे जावे: प्रथम ४, मग ३, मग २, मग १. ज्या हाकेस उत्तर येत नाही, बिघाड त्याच्या अलीकडच्या तुकड्यात किंवा त्या यंत्रात आहे. चारही ओ देतात आणि तरी काही उघडत नाही, तर पुलास दोष नाही; कंपनीस कळवावे. ५ गीगाहर्ट्झच्या काही चॅनेलांवर यंत्रास रडारची चाहूल घ्यावी लागते, त्यामुळे वीज आल्यावर पूल किमान मिनिटभर गप्प राहतो. तेवढा धीर न धरता बटणे चालूबंद करीत राहिल्याने तो कधीच जुळत नाही, असेही आमच्या पाहण्यात आले आहे.

राहता राहिली चिठ्ठी. वहीचा अर्धा कागद पुरे. त्यावर मराठीत, ठसठशीत अक्षरांत, चार यंत्रांची नावे, ती कोठे आहेत, त्यांचे चार पत्ते आणि दिव्यांचे नेहमीचे रंग लिहावे. वीज गेल्यावर आधी पुढचा राउटर, मग पुलाची दोन यंत्रे, मग मागचा राउटर या क्रमाने चालू करून पाच मिनिटे थांबावे, हेही लिहावे. राउटराचा संकेतशब्द मात्र निराळ्या पाकिटात. कागद मागच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा; आणि मुलाने निघण्याच्या दोन दिवस आधी स्वतः पुलाचे एक बटण बंद करून, काही न सांगता, आईने तो कागद वाचून पूल पुन्हा चालू केला की नाही ते बाजूला उभे राहून पाहावे. अडली तर कागद बदलावा.