शेवंतीला रात्र हवी

डेझी म्हटलं की डोळ्यांसमोर इंग्रजी पुस्तकातलं चित्र येतं. मधे पिवळी चकती, भोवती पांढऱ्या पाकळ्या. हे फूल रात्री मिटतं आणि सकाळी उघडतं, म्हणून जुन्या इंग्रजीत त्याला 'दिवसाचा डोळा' म्हणायचे. त्याचंच पुढे डेझी झालं. पण मंडळी, आपल्या अंगणातली डेझी म्हणजे शेवंती! दोघी एकाच कुळातल्या. झेंडू, सूर्यफूल, जरबेरा हे सगळे त्यांचे भाऊबंद.

शेवंती लावणं तसं अवघड नाही. जुन्या झाडाच्या बुडाशी मुळांतून काश्या फुटतात, त्या उन्हाळ्याच्या अखेरीस वेगळ्या करून लावायच्या. महिन्याभराने शेंडा खुडायचा, म्हणजे झाड नुसतं उंच न जाता बाजूंनी फुटतं. ऊन भरपूर द्यायचं, पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू द्यायचं नाही, मावा दिसला की कडुनिंबाचं तेल फवारायचं. झालं!

आणि तरीही दरवर्षी एक तक्रार ऐकू येतेच. "झाड हिरवंगार आहे हो, पण फूल काही नाही." मग खतांचा मारा सुरू होतो. दिवाळी जाते, मार्गशीर्ष जातो, शेवटी झाड उपटून कचऱ्यात.

माझं म्हणणं एवढंच, की झाड उपटण्याआधी त्याची रात्र बघा.

शेवंतीच्या बहुतेक जाती दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरतात. वनस्पतींना दिवसाची लांबी कळते, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून आणखी मजेशीर गोष्ट कळली. अशी झाडं खरं तर दिवस मोजत नाहीत, ती सलग अंधार मोजतात! पुण्यात जूनमध्ये रात्र जेमतेम पावणेअकरा तासांची असते, डिसेंबरात ती तेरा तासांवर जाते. शेवंती याच वाढत्या अंधाराची वाट बघत असते. फूलशेती करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. फुलं लांबवायची असली की ते मध्यरात्री दिवे लावतात, लवकर हवी असली की काळं कापड पांघरतात.

आता आपल्या सोसायट्यांकडे बघा. कुंपणावर रात्रभर जळणारे पांढरेफेक दिवे, खाली फुलझाडांचा वाफा. त्या बिचाऱ्या शेवंतीची रात्र होतच नाही. खत घालून ती कशी होणार?

आमच्याकडे मीटिंगमध्ये हा विषय मी काढला, तेव्हा एकजण म्हणाले, "झाडं महत्त्वाची की माणसं?" प्रश्न अगदीच खोटा नाही. रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलींना आणि पहाटे फिरायला निघणाऱ्या आजोबांना उजेड हवाच. पण त्यांना तो वाटेवर हवा असतो, वाफ्यात नको असतो. दिव्याला वरून झाकण घातलं, तोंड खाली वळवलं, किंवा चाहूल लागली की लागणारा दिवा बसवला, तर दोघांचंही भागतं. हा भांडणाचा विषयच नाही, पण आपण तो भांडणाचा करतो. कारण जितका लखलखाट तितकी सुरक्षितता, असं आपण धरून चाललोय. खरं तर डोळ्यांवर येणाऱ्या झगझगीत दिव्यामागे कोण उभं आहे, हे उलट दिसतच नाही.

दिवा हलत नसेल तर सप्टेंबरपासून कुंडी हलवा. तेही जमत नसेल तर कळ्यांना रंग दिसेपर्यंत संध्याकाळी सहा ते सकाळी सात झाडावर मोठं खोकं पालथं घाला. हसू येईल, पण करून बघा.

माया करायची म्हणजे काहीतरी देत राहायचं, असं आपल्याला वाटतं. पाणी द्या, खत द्या, उजेड द्या. पण काही वेळा नुसतं बाजूला होऊन त्याला त्याचा अंधार मिळू देणं, हीसुद्धा मायाच. हे फक्त शेवंतीलाच लागू आहे असं मला वाटत नाही. असो.

तुमच्या शेवंतीची रात्र किती तासांची आहे? आज झोपण्यापूर्वी एकदा डोकावून बघा.