गाण्याचा घाव कोणावर?



२०२३ च्या एप्रिल महिन्यात आमच्या वाडीत एका गाण्यावरून घराघरांत दोन तट पडले होते. बाप एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला. गाणे होते उमेश खाडे या मुंबईच्या रॅपरचे, ‘भोंगळी केली जनता’. त्याच्या थोडे आधी छत्रपती संभाजीनगरकडच्या राज मुंगासे या तरुणाचे गाणे असेच एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर फिरत आमच्यापर्यंत आले होते.

ज्येष्ठ वाचकांसाठी सांगतो. रॅप म्हणजे चालीवर आळवलेले गाणे नव्हे. ठेका धरून, यमक जुळवून, झपाझप बोललेले शब्द म्हणजे रॅप. मुंगासेच्या गाण्याचा रोख जून २०२२ नंतरच्या राज्यातील सत्तांतरावर होता. त्या वेळी गाजलेली ‘पन्नास खोके’ ही घोषणा सर्वांच्या स्मरणात असेलच. युवासेनेच्या शिंदे गटातील पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून अंबरनाथ येथे मुंगासेवर गुन्हा नोंदला गेला. खाडेवर वडाळा टी. टी. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. विरोधी पक्षांचे नेते या तरुणांच्या बाजूने बोलले. सत्ताधारी बाजूच्या लोकांना ही गाणी बदनामीची वाटली.

पण मला पुढाऱ्यांचे सांगायचे नाही. पुढाऱ्यांना गाणे आवडते की नाही, हे ते सत्तेत आहेत की बाहेर यावर ठरते. खुर्ची बदलली की कानही बदलतो. मला सांगायचे आहे ते ऐकणाऱ्या साध्या माणसांचे.

आमच्या वाडीत तेव्हा तीन मते पडली. गिरणीतून निवृत्त होऊन गावी आलेले एक काका म्हणाले, “भोंगळी हा काय शब्द झाला? पोरीबाळींसमोर हे वाजवायचे?” कॉलेजची मुले म्हणाली, “सिलिंडरचा भाव परवडत नाही, नोकरीची जाहिरात निघत नाही, तेव्हा सभ्य शब्द कुठून आणायचा?” तिसरे मत होते, की ही गाणी कुठला तरी पक्ष लिहून घेतो, पोरे फुकट बळी जातात. या मताला पुरावा कोणाकडेच नव्हता, पण ते बोलायला सोपे होते.

सर्वांत खरे बोलल्या त्या आमच्या वहिनी. त्या म्हणाल्या, “गाणा खरा आसा, भावजीनू, पण ता दुसऱ्याच्या झिलान म्हणूचा. माझ्या नको.”

वहिनींना भीती होती, कारण त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, स्वतः रॅप लिहू लागला होता. वय एकोणीस, आय.टी.आय.चा विद्यार्थी. त्या वर्षीच्या जयंतीच्या कार्यक्रमात म्हणण्यासाठी त्याने आमच्या वाडीवर गाणे लिहिले होते. एप्रिल-मेमध्ये आटणारी विहीर, हंड्यांची रांग, पावसाळ्यात चिखलातून मयत न्यावे लागते तो स्मशानाचा रस्ता, आणि तो रस्ता कागदावर करणारा ठेकेदार. गाण्यात ठेकेदाराचे नाव होते आणि एका ओळीत त्याच्या आईवरून शिवी होती.

जयंती समितीचा चिटणीस मी. मी कागद वाचला आणि अख्खे गाणेच कार्यक्रम पत्रिकेतून काढून टाकले. पुतण्या एवढेच म्हणाला, “काका, गाण्यात खोटा काय आसा ता सांगा.” मी सांगू शकलो नाही. त्यानंतर तो दोन वर्षे जयंतीच्या तयारीला आला नाही. पताका लावायला नाही, खुर्च्या उचलायलाही नाही. वर्गणीचा हिशोब माझा पैशाला पैसा जुळला, पण एक मुलगा कमी पडला तो कुठल्या खात्यात लिहायचा हे मला कळेना.

मग मी विचार करू लागलो, की रॅप ही खरोखर आपल्याला परकी गोष्ट आहे का?

आपल्या सिंधुदुर्गात डबलबारी कोणाला ठाऊक नाही? देवळाकडे आपण जात नसलो तरी जत्रेचा माइक वाडीपर्यंत ऐकू येतोच. दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जबाब द्यायचा. गजराला आले की बुवा एकमेकांची अशी टोपी उडवतात, की लोक पहाटेपर्यंत जागचे हलत नाहीत. दुसऱ्या दिवशी एसटीत निम्मे प्रवासी एका बुवाचे, निम्मे दुसऱ्याचे. रॅपरही एकमेकांवर अशीच गाणी करतात. २०१८ साली एमीवे बंटाय आणि रफ्तार यांच्यात अशी जुगलबंदी झाली, तेव्हा देशभरातील पोरांचे असेच दोन तट पडले होते. मग डबलबारी आपली आणि रॅप तेवढा बिघडलेल्या पोरांचा, हे कसे?

रॅप जन्मला तोही गरिबांच्या वस्तीत. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकाहून आलेल्या कुटुंबातील कूल हर्क या तरुणाने आपल्या बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. तेथून ही कला सुरू झाली असे मानतात. ती वाढवली काळ्या आणि लॅटिन वंशाच्या पोरांनी. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश यांच्या गटाचे ‘द मेसेज’ हे गाणे आले, त्यात वस्तीतील घाण, बेकारी आणि कोंडमारा होता. त्याही देशात बरीच वर्षे लोक म्हणत, की हे गाणेच नव्हे. त्याच देशात २०१८ साली केंड्रिक लामार या रॅपरला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आणि आपल्याकडे? भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी ही काही रेडिओने गावोगाव पोहोचवली नाहीत. ढोलकी आणि तुणतुणे घेऊन ती माणसे पायी गेली. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, हे जुनी माणसे सांगत आली. त्या जलशांनाही नाके मुरडणारे होते. पुढे कॅसेटचा जमाना आला. आनंद शिंदे यांचे ‘नवीन पोपट हा’ गल्लीगल्लीत वाजू लागले, तेव्हा आमच्या वाडीतील वडीलधारे म्हणाले होते, की भीमगीते गाणाऱ्या आवाजात हे शोभत नाही. ‘भोंगळी’ शब्दावर रागावलेले गिरणीवाले काका तेव्हा त्याच पोपटावर वरातीत नाचले होते. त्यांना मी याची आठवण दिली. काका हसले आणि म्हणाले, “तेव्हा माझे गुडघे चांगले होते.”

तेव्हा पिढीपिढीत आवड वेगळी असणार, याचे दुःख करू नये. प्रश्न आवडीचा नाही. मला वाटते प्रश्न एकच विचारावा. या गाण्याचा घाव कोणावर पडतो? जो पाणी अडवतो त्याच्यावर, की जी पाणी भरते तिच्यावर?

माझ्या पुतण्याच्या गाण्यातील आईवरची शिवी घ्या. रस्ता ठेकेदाराने खाल्ला. त्याच्या आईने काय केले? ती बिचारी कुठेतरी आपल्या आईसारखीच हंडा वाहत असेल. आज रॅपच्या नावाखाली जी गाणी खपतात, त्यांत पुष्कळांचा घाव बाईवर पडतो. गाडी, दारू, सोनसाखळी आणि बाईला दिलेली शिवी, यात बंड कसले? ती तर जुनीच रीत आहे, फक्त ठेका नवा. अशा गाण्याला मुलांनी ‘आपले’ म्हणू नये. उलट, शब्द खरखरीत असला तरी घाव वरच्यावर पडत असेल, तर वडीलधाऱ्यांनी एका शब्दासाठी अख्खे गाणे फेकू नये. मी फेकले. ती माझी चूक होती.

आता वहिनींच्या भीतीबद्दल. ती भीती खोटी नाही. गरिबाच्या मुलावर गुन्हा नोंदला तर वकिलाची फी, कोर्टाची तारीख आणि बुडालेली मजुरी हीच शिक्षा होते, निकाल काहीही लागो. म्हणून कायदा माहीत हवा. संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (क) ने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९ (२) मध्ये बदनामी, सभ्यता, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी वाजवी मर्यादा आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली होती. अशा प्रकरणांतून पुढे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. २८ मार्च २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातमध्ये नोंदलेला गुन्हा रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या मापाने मोजावा, ज्याला पावलोपावली धोका दिसतो त्याच्या मापाने नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

मात्र याचा अर्थ काहीही बोलावे असा नाही. पुरावा नसताना नाव घेऊन ‘चोर’ म्हटले तर बदनामी होऊ शकते. जात-धर्मावरून तेढ वाढवणारे बोलू नये. पण “रस्त्याचे पैसे कुठे गेले?” हा प्रश्न विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

मागच्या जयंतीआधी मी पुतण्याच्या घरी गेलो. त्याची माफी मागितली. पुढे दोन संध्याकाळी ते जुने गाणे घेऊन बसलो. त्याने शिवीची ओळ स्वतःच काढली. ठेकेदाराच्या नावाच्या जागी ग्रामसभेच्या ठरावाची तारीख घातली, तीही यमकात. मी म्हटले, “बाबा, हे माझ्या दहा अर्जांपेक्षा भारी झाले.” बाकीचे गाणे होते तसेच ठेवले. एक-दोन शब्द मला अजूनही खटकतात, पण गाणे त्याचे आहे.

जयंतीला तो माइकवर उभा राहिला. मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला. वडीलधाऱ्यांत पुन्हा दोन मते पडली. काहीजण उठून गेले, काहींनी पुन्हा म्हणायला लावले. वहिनी पदर तोंडाला लावून मागे उभ्या होत्या. नंतर म्हणाल्या, “अर्धा माका कळला नाय, भावजीनू. पण पाण्याचा कळला.”

रस्ता अजून झालेला नाही. पण त्यानंतरच्या ग्रामसभेला आमच्या वाडीतून नेहमी चार माणसे जात, त्याऐवजी तेवीस गेली. त्यांत नऊ तरुण होते आणि वहिनीही होत्या. ठरावाची तारीख सर्वांना तोंडपाठ होती.

तुमच्या घरातही मुलाच्या मोबाईलवर काहीतरी वाजत असेल. ‘बंद कर तो गोंगाट’ म्हणण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसा. शब्द विचारा. घाव कोणावर पडतो ते दोघे मिळून पाहा. मग भांडायचे तर जरूर भांडा.

जयभीम.