माप कुणाचं?

फॅशन डिझायनर स्वतःच्या अंगाला शोभतील असेच कपडे करतात, असं आमच्या गटातल्या काही जणी ठासून सांगतात. पुरावा म्हणून कोको शनेल. स्वतः सडपातळ, तिनं सैल, सरळ कपडे केले आणि १९२०च्या दशकात तेच बायकांचं रूप ठरलं. खरं आहे. पण १९४७ साली चिमटलेल्या कमरेचा 'न्यू लुक' आणणारा क्रिस्तियाँ दिओर काही स्वतःसाठी झगे शिवत नव्हता!

आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया (१९२९–२०२०) घ्या. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या. 'ब्रह्मचारी'तली (१९६८) मुमताजची ती घट्ट शिवलेली साडी त्यांचीच. नाचायचं मुमताजला होतं, म्हणून अंग मुमताजचं धरलं. बाई समोर उभी असली की कपडा तिचा होतो. समोर नुसता तक्ता असला की काय होतं, हा मला खरा प्रश्न वाटतो.

अमेरिकेत १९३९-४० साली सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, प्रत्येकीची ५९. हिशेबात मात्र गोऱ्याच धरल्या. आपल्याकडे निफ्टनं २५ हजारांवर स्त्री-पुरुषांची मापं घेण्याचा प्रकल्प आखला तो ६ शहरांत. त्यात महाराष्ट्रातलं एकटं मुंबई. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे खांदे त्या तक्त्यात कुठून येणार?

छावणीत, जिथं मी राहते, शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या ताई मापाचं ब्लाउज मागतात, तरी मुंढा आणि छाती टेपनं पुन्हा मोजतात. शिवणीत बोटभर कापड सोडतात. बाळंतपणानंतर अंग बदललं की उसवून सैल करता येतं. तयार कुर्तीत ती सोय नसते, ओव्हरलॉकच्या कडेला कापडच उरत नाही. मग बाई कुर्तीला नाही, स्वतःलाच नावं ठेवते. पोरी रात्रीचं जेवण सोडतात.

२०२४ साली तर हा प्रश्न सरकारी झाला. 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून राज्यभर कापड आधीच कापून आलं आणि ते शिवायला 'माविम'मार्फत बचत गटांतल्या बायकांना दिलं. पोरांना कपडे कुठं आखूड, कुठं ढगळ. बोल लागला शिवणारणीला. कात्री तिच्या हातात नव्हती, आणि ज्या पोराला कपडा घालायचा तोही तिच्यासमोर नव्हता. डिसेंबर २०२४मध्ये शासनानं ती पद्धत मागे घेऊन काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं.

त्या समित्यांवर निम्म्या बायका असाव्यात असा कायदाच आहे. तेव्हा मैत्रिणींनो, आपापल्या गावच्या समितीत जाऊन मागणी करा: शिलाईचं काम गावातल्या बाईला, कापड सबंध, आणि मापं शाळेत मुलांना उभं करून. शिवणीत बोटभर कापड सोडायचं, हेही ठरावात लिहून घ्या.