प्रवेश मिळाला, पूर्वतयारीचे काय?

आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द या गावी २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. राखीव जागा व शिष्यवृत्ती या हक्कांच्या बळावर आमच्या वस्त्यांतील मुले-मुली आज अशा महाविद्यालयांची पायरी चढू शकतात. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु प्रवेश म्हणजे पदवी नव्हे. पहिल्याच वर्षी कॅल्क्युलस समोर उभे राहते. त्यात अडखळलेला विद्यार्थी 'हे आपल्या डोक्यातले नाही' असे म्हणू लागतो. हा समज साफ खोटा आहे.

एक साधे उदाहरण घ्या. चौरसाची बाजू 'अ' असेल, तर क्षेत्रफळ अ². बाजू 'ह' ने वाढविली, तर क्षेत्रफळ अ² + २अह + ह² होते. म्हणजे वाढ झाली २अह + ह². तिला 'ह' ने भागले की २अ + ह उरते. 'ह' शून्याच्या जवळ नेत गेले, की उत्तर २अ कडे जाते. यातील शेवटची पायरी तेवढी कॅल्क्युलसची. बाकी सारे सातवी-आठवीचे बीजगणित! महाविद्यालयात दिसणारे अपयश पुष्कळदा शाळेतच रुजलेले असते, ते असे.

फिलिप सॅडलर व गेरहार्ड सोनर्ट या अमेरिकन संशोधकांच्या २०१८ सालच्या अभ्यासातही हेच दिसले. महाविद्यालयीन कॅल्क्युलसमधील यशावर, शाळेत कॅल्क्युलस शिकण्यापेक्षा त्याआधीच्या गणितावरील प्रभुत्वाचा परिणाम दुपटीहून अधिक आढळला.

शाळेत बाबासाहेबांना फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील या भीतीने सवर्ण मुले ते उचलण्यास धावली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. फळ्याजवळ जाण्याची ती आडकाठी कायद्याने दूर झाली. परंतु जेथे शाळेत गणिताचा शिक्षक नाही आणि घरात शिकवणीची फी भरण्याची ऐपत नाही, तेथील मूल आजही फळ्यापासून दूरच राहते.

यास्तव आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक गावच्या हायस्कुलात गणिताचा शिक्षक हवा. प्रत्येक शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या सत्राआधी पूर्वतयारीचा विनामूल्य वर्ग हवा. ही दया नव्हे, हक्क आहे.

परंतु तोवर स्वस्थ बसणे परवडणार नाही. शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात गणिताचा वर्ग चालवावा. अपूर्णांकापासून आरंभ करण्यात कमीपणा नाही. आणि मातापित्यांनो, तुम्हांस गणित येत नसले तरी आठवीतल्या मुलीला वही उघडून 'हे असे का?' एवढे अवश्य विचारा. उत्तर पाठ केलेले आहे की उमजलेले, हे तिच्या बोलण्यावरूनच तुम्हांस कळेल. इंजिनिअर घडविण्याचे काम तेथूनच सुरू होते.