चेक थांबतो, तसे कामही थांबावे

पुढील तारखेचा चेक आम्हा वाणिज्यवाल्यांना नवा नाही. बेत बदलला, तर वटण्यापूर्वी बँकेला क्रमांक कळवून तो थांबवता येतो. (कलम १३८ ची टांगती तलवार राहतेच, ते निराळे!) वेबसाइट बांधण्याच्या अँग्युलरजेएस या साधनात ‘टाइमआउट’ला ‘३ सेकंदांनी हा फॉर्म साठव’ असे सांगितले, की ‘प्रॉमिस’ नावाची पावती मिळते. ती ‘कॅन्सल’ला दिली, की काम रद्द, उशीर झाला असल्यास तसे उत्तरही येते. पण पावती जपतो कोण? विद्यार्थिनी फॉर्म अर्धवट सोडून दुसऱ्या पडद्यावर जाते, अन् तिने टाकून दिलेली माहिती मागाहून साठवली जाते. याला मी निष्काळजीपणाच म्हणेन. जानेवारी २०२२ मध्ये गूगलने अँग्युलरजेएसची देखभाल थांबवली. जावास्क्रिप्टचे ‘सेटटाइमआउट’ आणि ‘क्लिअरटाइमआउट’ मात्र आहेतच. संगणकाच्या तासाला ही दोन्ही एकाच दिवशी शिकवावीत, अशी प्राध्यापकांना विनंती आहे.